प्रार्थनेत टिकून राहणे
(ट्रस्टच्या महोत्सवानिमित्त पिरनवाडी येथे झालेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत बोलणाऱ्याचे काम एरवी सोपे असते. मागील वर्षांचा आढावा घ्यावा, ज्यांनी संस्थेसाठी खस्ता खाल्ल्या त्यांचे स्मरण करावे, पुढील वाटचालीस शुभ चिंतावे आणि टाळ्यांच्या आवाजात खाली बसावे. चिटणीसांनी आम्हांस ती सवलत दिलेली नाही. आढावा व हिशेब ते स्वतःच वाचणार आहेत. आम्ही प्रार्थनेविषयी आणि विश्वासात टिकून राहण्याविषयी दोन शब्द बोलावे, अशी त्यांची इच्छा आहे. दोन शब्दांचे किती होतील हे आताच सांगवत नाही, पण पंगतीला उशीर होऊ देणार नाही एवढे वचन देतो.

प्रार्थनेविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि त्यांतील बरेचसे खरेही असते. परंतु घरोघरी जो प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, तो व्यासपीठावर सहसा येत नाही. आम्ही इतकी वर्षे मागत आहो, देवाने ऐकले का, असा तो प्रश्न आहे. ज्या घरी शिकलेल्या मुलाला नोकरी लागत नाही, ज्या घरी कर्ता पुरुष दारूपायी घर विसरला आहे, जेथे दुखणेकरी माणूस वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून आहे, तेथे सायंप्रार्थना आटोपून दिवा मालवला, की हा प्रश्न उशाशी येऊन बसतो. त्याला हाकलून लावण्यात अर्थ नाही. आज थोडा वेळ आपणही त्याच्याजवळ बसावे, असा आमचा विचार आहे.

ह्या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे आणि ते देणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. ते म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडला. ज्या आईचे मूल गेले तिलाही हे ऐकवायला काहींची जीभ कचरत नाही. हे उत्तर आम्हांस मान्य नाही, आणि ते शास्त्राला धरून आहे असेही आम्हांस वाटत नाही. गेथशेमाने बागेत खुद्द प्रभू येशूने आपल्यापुढचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. एकदा केली, दुसऱ्यांदा केली, तिसऱ्यांदा केली. प्याला टळला नाही. त्याच्या विश्वासात उणे होते असे म्हणायला कोण धजेल? पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीन वेळा विनवणी केली. काटा राहिला, आणि तो काटा घेऊनच पौल गावोगाव हिंडला. तेव्हा न मिळालेले मागणे हा विश्वासाच्या उणेपणाचा पुरावा मानू नये. दुःखी माणसाच्या दुःखावर आणखी एक आरोप लादणे, हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे.

लूकच्या शुभवर्तमानात त्या विधवेचा दाखला आहे. न्यायाधीश देवाला भीत नाही, माणसाची भीड धरीत नाही. पण बाई रोज त्याच्या दारात येते, म्हणून शेवटी कंटाळून तो तिचा न्याय करतो. आपण लहानपणी शब्बाथशाळेत तो पाठ केला आहे. गंमत अशी, की दाखल्याच्या अखेरीस प्रभूने जे विचारले ते फारसे कोणी लक्षात ठेवीत नाही. आपण पुन्हा येऊ तेव्हा पृथ्वीवर विश्वास आढळेल काय, असे तो विचारतो. देव ऐकेल की नाही, ही त्याची काळजी दिसत नाही. मागणारा दाराशी उभा राहील की मध्येच निघून जाईल, ही काळजी दिसते. आम्हांस वाटते, उशाशी बसलेल्या प्रश्नाला प्रभूने केलेला हा उलट प्रश्न आहे, आणि प्रार्थनेचा सगळा विचार तेथून सुरू करावा.

हे बोलणे हवेत राहू नये म्हणून आपल्याच भागातील माणसांकडे वळू.

पिरनवाडीहून बेळगाव ते किती दूर! त्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचे काम जोसेफ टेलर यांनी १८२० साली सुरू केले. १९०४ साली ते मेथडिस्ट मिशनकडे गेले. रोमन कॅथॉलिक बांधवांचा बेळगाव धर्मप्रांत स्वतंत्र झाला तो १९५३ साली. आज ह्या सभेत मिस्साला जाणारे आहेत आणि उपासनेला जाणारेही आहेत. दोघांचीही मुळे ह्या मातीत बरीच खोल गेली आहेत हे सांगण्यापुरताच हा उल्लेख.

ह्याच बेळगावात १८३१ साली एका कासार कुटुंबात बाबा पदमनजी यांचा जन्म झाला. मराठी साहित्याचे अभ्यासक त्यांना 'यमुनापर्यटन' या १८५७ सालच्या पुस्तकामुळे ओळखतात. विधवांच्या स्थितीवर लिहिलेले ते पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून गणले जाते. आपल्याला त्यांची ओळख निराळ्या कारणाने असावी. ते येथील मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मुंबईस गेले, तेथे फ्री चर्चच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. शुभवर्तमान त्यांच्या बुद्धीला पटले. परंतु पटणे आणि पाऊल उचलणे यांमध्ये किती वाट असते, हे त्यांच्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात फार प्रामाणिकपणे सांगितले आहे. आईबापांचे काय होईल, जात काय म्हणेल, पत्नीचे काय, असे विचार येत आणि पाऊल अडे. त्या काळी मुंबईत परमहंस सभा नावाची मंडळी होती. जातिभेद मोडण्याच्या गोष्टी तेथे बंद दाराआड होत. पदमनजी तिच्यातही वावरले. बंद दाराआडची हिंमत उजेडात आणणे किती कठीण, हे त्यांना चांगलेच कळले असेल.

अखेर ३ सप्टेंबर १८५४ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि तो झाला बेळगावातच. मुंबईसारख्या मोठ्या शहरात कोण कोणाला ओळखतो? बेळगावात गल्लीगल्लीत नातेवाईक, जातभाई, बालपणीचे सोबती. अशा ठिकाणी त्यांनी आपला विश्वास उघड केला. त्याची किंमतही मोजावी लागली. पत्नी त्यांच्याबरोबर आली नाही. जातीने दार लावले.

आम्ही त्यांची कथा सांगतो ती बाप्तिस्म्याच्या दिवसासाठी मात्र नाही. तो दिवस मोठा खराच. पण त्यानंतर ते जवळजवळ बावन्न वर्षे जगले. १९०६ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा अंत झाला. ह्या बावन्न वर्षांत काय घडले? काही वर्षे ते पुण्यास पाळक होते. बाकीचा काळ मेजाशी बसण्यात गेला. शंभरांवर लहानमोठी पुस्तके, मोल्सवर्थच्या मोठ्या कोशाचा संक्षेप, नव्या करारावर टीका, नियतकालिकांचे लिखाण, मुद्रिते तपासणे. ह्यात नाट्य काही नाही. रोज सकाळी उठून कालच्या अपुऱ्या पानापासून पुढे लिहायचे, एवढेच. विश्वासात टिकणे म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे सिंहांच्या गुहेतील दानीएल येतो. पण तोच दानीएल त्याआधी कित्येक वर्षे खिडकी उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकीत होता, आणि मनाईहुकूम निघाल्यावरही त्याने काही नवे केले नाही. नेहमीप्रमाणे खिडकी उघडली. गुहेत तो टिकला याचे मूळ त्या खिडकीशी आहे.

आता दुसरी कथा, ज्ञात अशी, पण आपण ती बहुधा हसत हसत वाचतो आणि तिच्यातील दुःख निसटून जाते. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई. नवरा जिवंत असून संसार मोडला. साडेचार वर्षांच्या आसपास ती दोघे वेगळी राहिली. ती नातेवाइकांकडे, कधी पंढरपुरास, कधी आणखी कोठे. तो अहमदनगरास, ज्याला २०२४ पासून अहिल्यानगर म्हणतात. त्याने परत यावे ही तिची आशा, तिने यावे ही त्याची. दोन्ही मागणी खऱ्या अंतःकरणाची, आणि दोन्ही एकाच वेळी पुरी होणे शक्य नव्हते!

टिळकांनी त्या काळात काय केले ते पाहण्यासारखे आहे. त्यांनी सक्ती केली नाही, आणि दुसरा संसारही मांडला नाही. ते पत्रे लिहीत, कविता लिहीत, वाट पाहत. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या, त्याही आपल्या धर्मानेच. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. एका घरात दोन धर्म नांदले. मग त्यांच्या मनात हळूहळू विचार फिरला. जात ही माणसांनी केलेली गोष्ट आहे, देवाने केलेली नाही, हे त्यांचे त्यांनाच उमगले. विश्वास त्यानंतर आला. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ह्या साडेचार वर्षांचे महत्त्व आम्ही इतके सांगतो ते कारणाने. आपल्या घरोघरी आज कमीअधिक हेच चालले आहे. मुलगा बंगळूरला किंवा पुण्याला नोकरीवर असतो आणि रविवारी चर्चचा रस्ता विसरतो. मुलगी दुसऱ्या धर्मात लग्न करते. भाऊ एका पंथाला सोडून दुसऱ्या पंथाच्या सभेला जाऊ लागतो आणि घरी येऊन सर्वांना नरकाची भीती घालतो. आईबाप अशा वेळी दोनच गोष्टी करतात. एक तर भांडतात, नाही तर नाव टाकतात. टिळकांनी तिसरी गोष्ट केली. त्यांनी आपल्या ठिकाणी पक्के राहून दार उघडे ठेवले. आपले खरे आहे अशी खात्री असलेल्या माणसाला हे सर्वांत अवघड जाते, असे आम्ही पाहिले आहे. सक्तीने गुडघे टेकवता येतात. त्याला कोणी प्रार्थना म्हणत असेल तर म्हणो.

आणि देवाची करणी पाहा. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. सुमारे दहा अध्याय लिहून झाले होते. ते काव्य पुरे केले लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरे शिकवली, जी त्याच्या ख्रिस्ताच्या नावाने एके काळी डोळे गाळीत होती, तिने आणखी चौसष्ट अध्याय लिहिले. १९३६ साली त्या वारल्या आणि १९३८ साली ग्रंथ छापून निघाला. 'स्मृतिचित्रे' आपल्या घरात असतील. 'ख्रिस्तायन' किती घरांत असेल, हे हात वर करून विचारण्याचा आमचा विचार होता. पण महोत्सवाच्या दिवशी कोणास अवघडवू नये!

तिसरे नाव पंडिता रमाबाईंचे. त्यांच्यावर बोलू लागलो तर पंगतीचे वचन मोडेल, म्हणून एकाच गोष्टीवर थांबू. रमाबाई आपल्याच कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे १८५८ साली जन्मल्या. तीर्थयात्रेत आणि दुष्काळात आईबाप गेले, बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेला. हाती उरली एक लहानगी मुलगी, मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकण्याचा बेत होता. पण कानांनी दगा दिला, ऐकू येईना, तो बेत सोडावा लागला. पुढे मुंबईत शारदासदन निघाले, आणि मग पुणे जिल्ह्यात केडगाव येथे मुक्ती. १८९६-९७ च्या आणि पुन्हा १९०० च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलींना आणि बायांना गोळा करून आणले. मुक्तीतील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना रोज दोन वेळा जेवू घालायचे, तर धान्य, पाणी, सरपण, कपडा किती लागत असेल, याचा हिशेब आपल्या खजिनदारांनी एकदा मांडून पाहावा.

१९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची जी लाट उसळली तिची वार्ता परदेशांत गेली. लोक आजही त्या लाटेविषयी बोलतात, तशी लाट पुन्हा यावी म्हणून प्रार्थना करतात. करोत बापडे. आमचे लक्ष मात्र लाट ओसरल्यानंतरच्या वर्षांकडे जाते. त्या वर्षांत रमाबाई बायबलाचे भाषांतर करीत बसल्या होत्या. संस्कृत त्यांना मातृभाषेसारखे येत होते. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचाही अभ्यास केला. खेड्यातील, थोडे शिकलेल्या बाईला कळेल असे शास्त्र सोप्या मराठीत तिच्या हाती द्यावे, हा हेतू. पंधराहून अधिक वर्षे हे काम चालले. मुक्तीच्याच छापखान्यात, मुक्तीतल्याच बायांनी खिळे जुळवले.

आणि काम संपत आले असता, २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा वारली. चाळीस वर्षांची होती. आईच्या पाठीशी उभे राहून सर्व संस्था तीच सांभाळीत होती. आपल्यामागे तीच पाहील, हा आईचा भरवसा होता. बंधुभगिनींनो, प्रार्थना जिने आयुष्यभर केली, जिच्या प्रार्थनेचे दाखले परक्या देशांत देतात, तिची ही एक मुलगी राहिली नाही. रमाबाईंनी त्या रात्री देवाशी काय बोलणे केले असेल, त्यात शिरण्याचा आम्हांस अधिकार नाही. दिसते ते एवढे, की भाषांतर थांबले नाही. ते पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. १९२४ साली ते बायबल छापून निघाले. मनोरमा गेल्यावर आठ-साडेआठ महिने ती वृद्ध, बहिरी आई रोज त्याच मेजाशी बसली.

ज्यांच्या घरी अशी रिकामी जागा झाली आहे असे पुष्कळजण समोर बसले आहेत. त्यांना उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाही. रमाबाईंचे ते आठ महिने तेवढे त्यांच्या समोर ठेवतो. त्यांना उत्तर मिळाले होते की नाही, हे आपल्याला दिसत नाही. त्या जागेवर होत्या, हे दिसते.

आता थोडे मागे, फार मागे जाऊ. पिरनवाडीहून जांबोटीकडे आणि पुढे चोर्ला घाटातून गोव्यात उतरणारी जी वाट आहे, ती आपल्या पायाखालची आहे. ह्या वाटेच्या पलीकडे, गोव्यातील साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट चाळीस वर्षे राहिला. १५७९ साली तो गोव्यात आला, आणि १६१६ साली त्याचे मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. अकरा हजारांच्या आसपास ओव्या! परदेशात जन्मलेल्या माणसाने आपल्या भाषेवर एवढा जीव लावला. त्या शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सरकारने लोकांच्या भाषेवर बंदीचा हुकूम काढला. छापील प्रती नाहीशा झाल्या. आज त्या जुन्या तीन आवृत्त्यांतील एकही प्रत ठाऊक नाही.

मग ग्रंथ आपल्यापर्यंत आला कसा? लोकांनी तो हातांनी उतरवून घेतला. बापाने उतरवला, मुलाने उतरवला, कोणी गोवा सोडून कानडी मुलुखात गेले त्यांनी तो बरोबर नेला. सणावारी, रविवारी तो वाचला जाई. सुमारे अडीचशे वर्षे एकही छापखाना मदतीला नसता तो टिकला, आणि १९०७ साली मंगळुरात पुन्हा छापला गेला. १९५६ साली देवनागरीत आला. उतरवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावे कोणालाही ठाऊक नाहीत. अकरा हजार ओव्या रात्री दिव्याच्या उजेडात बोरूने उतरवायच्या, ही प्रार्थना नव्हे तर काय? त्यांतील एकालाही आपण उतरवलेला ग्रंथ पुन्हा छापला जाईल असे वाटले नसेल.

येथे एक कडू गोष्ट बोलतो. राग मानू नये. आपल्या मुलांना मराठी शास्त्र वाचता येते काय? ती इंग्रजी शाळेत जातात. जावीत, आमची हरकत नाही. बाहेर कानडी बोलतात, शेजाऱ्यांशी उर्दू-हिंदी बोलतात, काही घरांत कोकणी आहे; सीमेवरच्या माणसाला चार भाषा याव्यात हे भूषणच आहे. पण आजी ज्या भाषेत प्रार्थना करते ती नातवाला परकी झाली, तर आजीच्या प्रार्थनेत नातू बसणार कसा? तो डोळे मिटून बसेल, मनात मात्र मोबाइल वाजत असेल. मोबाइलवर शास्त्र असते, गीते असतात, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यास आम्ही नावे ठेवीत नाही. दुखणेकरी माणसाला अंथरुणावरून उपासना ऐकता येते, ही केवढी सोय! परंतु कानांनी ऐकणे आणि आपल्या तोंडाने उच्चारणे यांत फरक आहे. रात्री जेवणापूर्वी घरातल्या सर्वांत लहान मुलाने अर्धा अध्याय मोठ्याने वाचावा, अडखळला तर आजीने सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे. यजमान उशिरा आले तर त्यांच्यासाठी थांबू नये. लावणीच्या दिवसांत थकवा फार असतो, तेव्हा चार ओळी वाचाव्या, पण दिवस सोडू नये. प्रार्थना लांब करण्याचा हव्यास नको. लांब प्रार्थनेने मुले प्रार्थनेला कंटाळतात, आणि खरे सांगायचे तर मोठी माणसेही कंटाळतात; फक्त ती बोलत नाहीत.

आता आपल्या ट्रस्टविषयी. प्रेषितांच्या कृत्यांत कर्नेल्य नावाच्या शताधिपतीची कथा आहे. तो नित्य प्रार्थना करी आणि गरिबांना दानधर्म करी. देवदूताने त्याला सांगितले ते असे, की त्याच्या प्रार्थना आणि त्याचे दानधर्म ही दोन्ही देवासमोर स्मरणार्थ पोहोचली आहेत. दोन्ही एकदम पोहोचली. एक पुढे, एक मागे अशी नाहीत. याकोबाने तर आपल्या पत्रात स्पष्टच विचारले आहे, की उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावले तर त्याचा उपयोग काय. आपल्या ट्रस्टची सभा प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेने संपते, ही चांगली चाल आहे. मधल्या वेळात काय होते, ते पाहणे जरूर आहे.

विधवेचा दाखला आपण वाचतो तेव्हा प्रत्येकाला आपण ती विधवा आहो असे वाटते. दारात उभे आहो, मागत आहो, कोणी ऐकत नाही. खरे आहे. परंतु महिन्यातून एकदा, ट्रस्टच्या सभेच्या दिवशी, आपण त्या दाखल्यातल्या दुसऱ्या आसनावर बसलेले असतो, हे आपल्या ध्यानात येत नाही. दार आपले असते. बाहेर कोणी उभे असते. मुलीच्या नर्सिंगच्या फीचा अर्ज असतो, कोणाच्या शस्त्रक्रियेचा असतो, कोणा म्हाताऱ्या बाईला महिन्याचा शिधा हवा असतो. एक कागद कमी असतो, म्हणून अर्ज पुढच्या सभेवर जातो. पुढच्या सभेला गणसंख्या भरत नाही. त्यापुढच्या महिन्यात नाताळ येतो. नियम असावेत, ट्रस्टचा पैसा लोकांचा आहे आणि तो उधळता कामा नये, हे आम्ही मानतो. पण ती बाई रात्री गुडघे टेकून देवाकडे काय मागते? तिचे मागणे देवाने ऐकले असेल, आणि तो कागद आपल्या कपाटात पडून असेल. आपल्या प्रार्थनांची उत्तरे का येत नाहीत असे आपण विचारतो, त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या प्रार्थनेचे उत्तर आपल्या कपाटात आहे काय, हे पाहण्यास किल्ली लागते तेवढीच.

ह्यासाठी फार मोठी योजना नको. ज्याच्यासाठी आपण सभेत नाव घेऊन प्रार्थना केली, त्याच्या घरी त्या आठवड्यात सभासदांपैकी एकाने जावे. रिकाम्या हाताने गेला तरी चालेल. कागद कमी असेल तर तो कोठे मिळतो, तलाठ्याकडे की दवाखान्यात, हे सांगावे, आणि जमल्यास बरोबर जावे. आपल्यातील निवृत्त मंडळींना वेळ आहे, स्कूटरी आहेत, सरकारी कचेऱ्यांची माहिती आहे. आम्हीही त्यांतलेच, म्हणून हे हक्काने बोलतो. आणि अर्ज नाकारायचा असेल तर लवकर नाकारावा. नकार दुखतो खरा, पण माणूस दुसरे दार तरी शोधू लागतो.

असो. चिटणीस घड्याळाकडे पाहू लागले आहेत. त्यांना आमची एक विनंती आहे. थोड्या वेळाने ते जमाखर्च वाचतील. तो वाचण्यापूर्वी त्यांनी निकालात न निघालेल्या अर्जांची यादी काढावी. त्यांतील नावे वाचू नयेत. गरजू माणसाचे नाव भर सभेत घेऊ नये. प्रत्येक अर्ज कोणत्या तारखेस आला, तेवढ्या तारखा सावकाश वाचाव्या. मग अध्यक्षमहाराजांनी प्रार्थना करावी, आणि त्यानंतर जमाखर्च.